पिन बसली, पण चित्र कुठे?

धानाची कापणी-मळणी आटोपली की आमची एक फेरी सडक अर्जुनीला ठरलेली असते. तेथे आमची धाकटी बहीण दिली आहे. नागपूर-रायपूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणून ओळखला जाई, आता त्याला ५३ क्रमांक आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत हे गाव भंडारा जिल्ह्यात होते. एस.टी.तून उतरलो की भाचा पिशवी घ्यायला धावत येतो, हा दरवर्षीचा नेम. यंदा मात्र कोणी आले नाही. घरी गेलो तर अंगणात कबाडीवाल्याचा हातगाडा उभा, आणि घरात वादावादी.

वादाचे कारण एक जुना मॉनिटर होता. पंधरा इंची, मागून जाड, पूर्वी संगणकाच्या क्लासमध्ये असायचे तसा. गावातला एक क्लास बंद पडला तेव्हा भाऊजींनी तेथला संगणक मॉनिटरसकट थोडक्या पैशांत घेतला होता. घेतला तो भाचीसाठी. ती बारावीनंतर टायपिंग शिकते आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखनाची परीक्षा आता संगणकावर होते, हे आपल्या अनेक घरांना ठाऊक असेल. लिपिकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र मागतात. वेग हा सरावाने येतो आणि सराव पडद्यासमोर बसल्याशिवाय होत नाही.

भाच्याने नागपूरच्या एका मित्राकडून जुना प्लेस्टेशन २ आणला होता. सोनी कंपनीचे हे खेळयंत्र जपानमध्ये मार्च २००० मध्ये विक्रीला आले. जगभर ते पंधरा कोटींहून अधिक विकले गेले, आणि २०१३ साली त्याचे उत्पादन थांबले. नवे मिळत नसले तरी जुने अजून हातोहात फिरते. यंत्रासोबत काही चकत्या होत्या, त्यांत 'देसी अड्डा' हा २००९ साली आलेला खेळही होता. त्यात कबड्डी आणि विटी-दांडू आहे म्हणून घरच्यांनीही फारशी हरकत घेतली नाही.

अडचण पडद्याची आली. घरात टीव्ही एकच. त्यावर संध्याकाळी आजीचा हक्क. "मले माह्या बातम्या पाहू द्या," असे त्या म्हणाल्या की विषय संपतो. म्हणून भाच्याची नजर बहिणीच्या मॉनिटरवर गेली. शहरातल्या एका दुकानातून त्याने शंभर-सव्वाशे रुपयांची वायर आणली. तिच्या एका टोकाला मॉनिटरला बसणारी निळी पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना होत्या. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले होते, "लाव आणि खेळ." भाच्याने लावली. पिना चपखल बसल्या. मॉनिटरचा हिरवा दिवा क्षणात पिवळा झाला आणि पडदा काळाच राहिला.

त्याने तीनदा काढून घातली. मग जाहीर केले, "मॉनिटर गेला." भाऊजी म्हणाले, जुनाच होता, गेला असेल. रस्त्याने कबाडीवाला चाललाच होता, त्याला हाक मारली. आम्ही पोहोचलो ते याच वेळी, आणि आम्हीही मान डोलावून म्हणालो, "अशा जुन्या वस्तूंचे असेच असते."

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून भाची म्हणाली, "काहून गेला? सकाळी त्याच्यावरच तर मी एक तास टायपिंग केलं."

सगळे गप्प झाले. त्या मॉनिटरवर रोज बसणारी घरात ती एकटीच. तो चालतो की नाही हे तिला विचारावे असे ना भावाला सुचले, ना वडिलांना, ना आम्हाला. तिने सीपीयूची वायर परत लावली, बटण दाबले, आणि पडदा उजळला. कबाडीवाल्याचा हातगाडा रिकामा गेला. दहा मिनिटे उशीर झाला असता तर मुलीचा सराव भंगाराच्या भावात गेला असता.

मग बिघडले होते काय? मॉनिटर चांगला, खेळयंत्र चांगले (ते टीव्हीला लावून पाहिले), वायरही तुटलेली नव्हती. तरी चित्र नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे घडते आणि एखादी चांगली वस्तू फुकट जाते. म्हणून याचे कारण नीट समजून घेऊ.

आपल्या भागात धान पिकते, तेव्हा धानाचेच उदाहरण घेतो. घरी तांदूळ हवा आहे आणि आपल्याजवळ धानाचा कट्टा आहे. तो कट्टा उघडून धान दुसऱ्या, तांदळाच्या छापाच्या पोत्यात भरले तर त्याचा तांदूळ होतो काय? होत नाही. त्याला गिरणीतच न्यावे लागते. भाच्याने आणलेली वायर म्हणजे नुसते पोते बदलणे होते. हवी होती ती गिरणी.

आता खरी गोष्ट. खेळयंत्रातून निघणाऱ्या पिवळ्या पिनेत संपूर्ण चित्र एकाच तारेत गुंडाळलेले असते. उजेड, रंग आणि ओळ कोठे सुरू करायची याची खूण, सगळे एकत्र. टीव्हीला ते उलगडता येते, कारण टीव्ही त्यासाठीच बनलेला आहे. मॉनिटरची निळी पिन म्हणजे व्हीजीए. ही पद्धत आयबीएम कंपनीने १९८७ साली आणली. तिच्यात पंधरा टोके तीन ओळींत असतात. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून येतात आणि आडव्या-उभ्या खुणांसाठी आणखी दोन तारा असतात. जे टीव्ही एका तारेत घेतो ते मॉनिटरला पाच तारांत सुटे करून हवे असते.

दुसरा फरक वेगाचा. आपल्या देशात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले ते पॅल पद्धतीचे. त्यात एका चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी आखल्या जातात. मॉनिटरची अगदी साधी व्हीजीए पद्धत घेतली तरी तिला सेकंदाला सुमारे ३१,५०० ओळी लागतात, म्हणजे जवळपास दुप्पट. इतक्या हळू येणाऱ्या ओळी बहुतेक मॉनिटर स्वीकारत नाहीत. मग काही मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी दाखवतात. काहींना खूणच सापडत नाही, ते दिवा पिवळा करून झोपी जातात. मॉनिटर मेला असा त्याचा अर्थ नाही. जे आले ते मला वाचता येत नाही, एवढेच तो सांगत असतो.

त्या वायरचाही दोष नाही. तीन रंगांच्या पिनांतून तीन वेगळे संकेत देणारी काही यंत्रे आणि ते घेणारे काही प्रोजेक्टर असतात, त्यांच्यासाठी ती बनलेली. ती येथे उपयोगाची नव्हती, इतकेच. पिन बसली म्हणजे काम झाले असे नाही, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी भाचीने एका कागदावर दुकानात काय मागायचे ते लिहिले. तिने लिहिले तेच येथे देतो, कोणाला लागले तर उतरवून घ्यावे. पहिले, 'एव्ही टू व्हीजीए कन्व्हर्टर बॉक्स' पाहिजे, नुसती वायर नको. दुसरे, बॉक्सला स्वतःचा पाच व्होल्टचा वीजपुरवठा असला पाहिजे. तिसरे, बॉक्सवर संगणक लावायची जागाही असली पाहिजे आणि बटणाने संगणक किंवा खेळ निवडता आला पाहिजे. चौथे, लाल-पांढऱ्या पिनांचा आवाज संगणकाच्या स्पीकरला देणारा छोटा जोड. भाऊजींनी चिठ्ठी वाचली, काही बोलले नाहीत, पण घडी करून खिशात ठेवली. बॉक्ससाठी पाचशेच्या वर रुपये लागणार होते. भाऊजींच्या घरी पाचशे रुपये म्हणजे विचार करून खर्चायची रक्कम. पण तिसऱ्या ओळीने त्यांचे मन वळवले. मॉनिटर एक, पण काम दोघांचे होणार होते.

गिरणी ओळखायची खूण ही दुसरी ओळ. आत काम करणारी चकती असली की तिला वीज लागते. पिवळ्या पिनेचे गुंडाळलेले चित्र ती उलगडते, क्षणभर आपल्या स्मृतीत ठेवते आणि मॉनिटरला लागेल त्या वेगाने पाच तारांत परत सोडते. वीजपुरवठ्याची सोय नसलेली, शंभर रुपयांची सरळ वायर हे काम करूच शकत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

जोडण्याचा क्रम असा. आधी सगळे बंद. खेळयंत्राची पिवळी पिन बॉक्सला, बॉक्समधून निळी वायर मॉनिटरला, सीपीयूची निळी वायर बॉक्सच्या दुसऱ्या जागेला. व्हीजीएच्या वायरीतून आवाज जात नाही, म्हणून लाल-पांढऱ्या पिना जोडाने स्पीकरला. मग मॉनिटर, बॉक्स आणि शेवटी खेळयंत्र सुरू करावे. पडदा काळा राहिला तर घाबरू नये. बॉक्सवरच्या बटणाने चित्राचे माप बदलते. पंधरा इंची जाड मॉनिटरला ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ सहसा चालते, याहून मोठे माप निवडले गेले तर तो ते नाकारतो. बटण एकेकदा दाबत जावे, योग्य माप आले की चित्र येते.

आमच्याकडे चौथ्या दाबणीला आले. भाच्याने आरोळी ठोकली, आजीसुद्धा बातम्या सोडून पाहायला आल्या.

चित्राबद्दल फार मोठी अपेक्षा मात्र ठेवू नये. बॉक्स चित्र दुप्पट वेगाने देतो, पण जे मुळात नाही ते आणणार कोठून? अक्षरे थोडी पसरट दिसतात. चित्र स्मृतीतून फिरून येत असल्याने अगदी किंचित उशीरही होतो. भाचा तक्रार करू लागला की बटण दाबल्यावर गडी जरा उशिरा उडी मारतो. भाची म्हणाली, "मग तू जरा लवकर दाब." दोन दिवसांत त्याला ते जमलेही.

आता ज्यांच्या घरी नवीन खेळयंत्र आहे त्यांच्यासाठी. प्लेस्टेशन ३ पासून पुढच्या यंत्रांना एचडीएमआय नावाची चपटी पिन असते. प्लेस्टेशन ४ आणि ५ ला चित्रासाठी तीच एक आहे. ही पद्धत २००२ च्या अखेरीस ठरली. तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपाने जाते, तर व्हीजीएमध्ये कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या रूपाने. म्हणजे येथेही गिरणी लागतेच. दुकानात 'एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर' मागावा. शब्दांचा क्रम उलटा करू नये. 'व्हीजीए टू एचडीएमआय' ही वेगळी वस्तू आहे, ती संगणकातून टीव्हीकडे चित्र नेते, उलट दिशेने चालत नाही. कन्व्हर्टरला आवाजाचे गोल छिद्र आणि जादा वीज देण्याची सोय आहे का तेही पाहावे.

या नव्या यंत्रांत आणखी एक गोष्ट असते. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून एचडीएमआयमध्ये एचडीसीपी नावाचे कुलूप ठेवलेले आहे. व्हीजीए मॉनिटरला त्या कुलपाला उत्तर देता येत नाही, त्यामुळे सगळे बरोबर जोडूनही पडदा काळा राहू शकतो. प्लेस्टेशन ४ मध्ये खेळापुरते हे कुलूप सेटिंगमधून बंद करता येते. मात्र ते बंद असताना चित्रपट दाखवणारी काही ॲप चालत नाहीत. हे काम आधी एचडीएमआय असलेल्या एखाद्या टीव्हीला जोडून करून घ्यावे, कारण काळ्या पडद्यावर सेटिंग सापडणार नाही.

मॉनिटर थोडा अलीकडचा, चपटा असेल तर त्याच्या पाठीमागे पाहावे. निळ्या जागेशेजारी पांढरी, रुंद जागा दिसली तर ती डीव्हीआय. एचडीएमआय आणि डीव्हीआय यांच्यात चित्राची भाषा एकच आहे, म्हणून तेथे साधा, स्वस्त जोड पुरतो, गिरणी लागत नाही. तांदळाचेच पोते बदलायचे असते. फक्त आवाजाची सोय वेगळी करावी लागते, आणि वर सांगितलेल्या कुलपाचे उत्तर मॉनिटरजवळ आहे की नाही हे लावून पाहूनच कळते. म्हणून पैसे टाकण्याआधी मॉनिटरची पाठ आणि यंत्राची पाठ पाहावी. मोबाईलवर दोन्हींचा फोटो काढून दुकानात न्यावा, म्हणजे 'चालून जाईल' या उत्तरावर भागवावे लागत नाही.

माता-भगिनींनी विचारावे अशी एक गोष्ट सुरक्षिततेची आहे. जाड मॉनिटरच्या आत वीस हजार व्होल्टहून अधिक दाबाची वीज तयार होते, आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ आत साठून राहते. म्हणून 'आत धूळ बसली असेल' असे म्हणत मुलांनी तो मुळीच उघडू नये. प्लग तीन पिनांचाच असावा आणि घरातले अर्थिंग तपासून घ्यावे. पूर्व विदर्भात पावसाळ्यात विजा किती पडतात हे सांगायला नको. गडगडाट सुरू झाला की बटण बंद करण्यावर न थांबता प्लगच भिंतीतून काढावा, सीपीयूचा, मॉनिटरचा आणि बॉक्सचाही.

आणि एखादा मॉनिटर खरोखरच गेला तर? तो फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते. मुलांच्या हाताने फोडून तांब्याची तार काढणे म्हणजे चार पैशांसाठी विष घरात आणणे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. त्यांनुसार असा माल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवा. तालुक्याच्या गावी हे सोपे नाही हे आम्ही जाणतो, पण जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करता येते आणि तोवर वस्तू कोरड्या कोपऱ्यात अखंड ठेवता येते.

असो. आम्ही निघालो त्या दिवशीची व्यवस्था सांगतो. टेबलावर एकच मॉनिटर, शेजारी हाताच्या तळव्याएवढा बॉक्स, त्यावर एक बटण. सकाळी सहा ते आठ आणि रात्री जेवणानंतर एक तास ते बटण भाचीच्या बाजूला. दुपारी शाळेतून आल्यावर तासभर भाच्याच्या बाजूला. हे वेळापत्रक भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीला चिकटवले. खाली भाचीने एक ओळ जोडली: 'परीक्षेच्या आधी पंधरा दिवस बटण फक्त माझे.' भाच्याने कुरकुर केली, पण वडिलांनी ती ओळ खोडली नाही.

आम्ही मनाशी मात्र एक गोष्ट बांधून आलो आहोत. घरातली वस्तू बिघडली असे कोणी म्हणाले की आधी ती रोज वापरणाऱ्या माणसाला विचारावे. बहुतेक घरांत ते माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभे असते आणि त्याला उत्तर ठाऊक असते. त्या दिवशी ती बोलली म्हणून बरे. एरवी आम्ही मान डोलावून मोकळे झालोच होतो.

निरोप देताना भाचीने वेग सांगितला: मिनिटाला चोवीस शब्द. अजून सहा हवेत. पुढच्या फेरीत आम्ही तिला पहिला प्रश्न तोच विचारणार आहोत. वाचकांच्या घरीही जुन्या मॉनिटरचा, टीव्हीचा असा काही उपयोग झाला असेल तर जरूर लिहून कळवावे, इतरांच्या कामी येईल.